लाल पट्टीचा डबा

आमच्या शिंगणापुरात घराला चौकट असते, कवाड नसतं. पेटीला कडी नाही, फडताळाला कुलूप नाही. बाहेरगावच्या माणसाला याचं भारी कौतुक. तो तोंडभर कौतुक करतो आणि संध्याकाळच्या गाडीनं आपल्या कुलूपबंद घरी निघून जातो. मी संगमनेरकडून लग्न होऊन इथं आले तेव्हा कितीतरी दिवस मला धड झोप लागत नव्हती. वाऱ्यानं चौकटीतला पडदा हलला की उठून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "आगं, हितं कोन येतंय?" पुढं मला सवय झाली. जिथं जन्म झाला त्याच गावाची ही सवय परत लावून घेणं ज्याला कधीच जमलं नाही असा एकच माणूस मी पाहिला. ते माझे चुलत सासरे, सूर्यभान नाना.

नाना पलटणीच्या कोठारावर हवालदार होते. बावीस वर्षं त्यांनी कमरेला किल्ल्यांचा जुडगा वागवला. घोंगड्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, कशाचाही एक नग इकडचा तिकडे झाला की यांच्या पोटात दुखायचं. बहात्तरच्या उन्हाळ्यात पेन्शनीत निघून ते गावी आले. किल्ल्या तिकडंच जमा झाल्या, आणि इथं तर कुलूप लावायचंच नाही. बोलता बोलता त्यांचा हात कमरेकडे जायचा आणि तसाच माघारी यायचा. आम्ही सुना पदराआड हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

घर मात्र रतनकाकूंचं होतं. एक मुलगी होती, ती लग्न होऊन गेली, आणि काकूंनी ते घर एकटीनं चालवलं. कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांच्या हाताला ठाऊक असायचं, डोळ्यांना विचारायची गरज नाही. आज ज्या डब्यात मटकी, तो रिकामा झाला की उद्या त्यात गूळ. शेजारीण काही मागायला आली तर डब्यासकट देऊन टाकायच्या. नाना वर्षातून एकदा रजेवर पाहुण्यासारखे यायचे तेव्हा त्यांना हे गोडही वाटलं असेल. आता ते कायमचे आले होते. चुलीपाशी उभे राहून विचारायचे, "हळद कुटं हाय?" काकू हात करून दाखवायच्या. "काल तितं न्हवती." लग्नाला निम्मी हयात झाली होती, पण एका घरात सलग महिनाभर राहायची दोघांनाही ही पहिलीच वेळ. त्या घरात कुणी आवाज चढवून बोलत नसे, तरी आत पाऊल टाकलं की माझं अंग आखडून यायचं.

त्यात नानांनी नगरहून ते यंत्र आणलं. हातात मावणारं, पकडीसारखं. वर एक गोल चकती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं. हवं ते अक्षर समोर आणायचं आणि मूठ आवळायची. कट् असा आवाज होऊन प्लॅस्टिकच्या रंगीत पट्टीवर पांढरं, उठावाचं अक्षर उमटायचं. शब्द पुरा झाला की पट्टी कापायची, पाठीमागचा कागद सोलायचा आणि डब्याला चिकटवायची. पलटणीत साहेबांच्या टेबलावर त्यांनी ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या मनात घर करून होतं.

खरेदीला त्यांनी काकूंना बरोबर नेलं होतं. ती हकीकत काकूंनीच मला सांगितली. दुकानदारानं दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. एक लहान, प्लॅस्टिकचं, हलकं. दुसरं लोखंडी, वजनदार. नानांनी दोन्हींवर आपलं नाव छापून पाहिलं. लहानावर अक्षरं फिकी उठली, आणि त्याला पट्टीही अरुंदच लागायची. लोखंडी यंत्रावर मात्र नाव ठसठशीत आलं. काकूंनी लहान उचलून दाबलं, ते जमलं. मोठं दाबायला गेल्या तर त्यांची बोटंच पोचेनात. दुकानदार म्हणाला, "घरात वापरायचं तर बाईंच्या हाताला झेपेल ते घ्या." नाना म्हणाले, "लेबल लावायचं काम माजं हाय." आणि मोठं घेतलं. पट्टीच्या गुंडाळ्या घेतल्या तीन रंगांच्या, हिरवी, निळी आणि लाल. मराठी अक्षरांची चकती दुकानात नव्हती.

"म्हंजे मला वाचाया येनार न्हाई आन् दाबायाबी येनार न्हाई," काकू मला म्हणाल्या. "मग घर माजं, आन् त्यात मी कुटं?"

मला राग आला, आणि तो नानांचाच आला.

पण काम त्यांनी देखणं केलं, हे कबूल करायला हवं. सगळे डबे अंगणात काढले, राखेनं घासले, चिकटपणा निघेना तिथं रॉकेलचा बोळा फिरवला, उन्हात कडकडीत वाळवले. तेलकट पत्र्यावर पट्टी धरत नाही, चुलीच्या धगीनं चार दिवसांत तिचे कोपरे सुटतात. हे त्यांनी आधी एका डब्यावर करून पाहिलं होतं. रोज लागणाऱ्या जिनसांना हिरवी पट्टी, साठवणीला निळी. बाजरीचा शब्द आटोपशीर आला. तूरडाळीचा इतका लांबला की पट्टी डब्याला वळसा घालून मागं गेली. मग डबे फळीवर एका रेषेत, तोंडं समोर. काकूंना त्यांनी रंग पाठ करून दिले.

"आन् लाल?" काकूंनी विचारलं.

"लाल म्हंजे हात लावायचा न्हाई."

लाल पट्टी एकाच डब्याला होती. त्यात डीडीटीची पावडर होती, कणगीच्या किड्यांवर आणि बाजेतल्या ढेकणांवर मारायला आणलेली. पांढुरकी, हाताला पिठासारखी लागणारी. ती ठेवायची कुठं यावरून त्या घरात पहिल्यांदा खरी वादावादी झाली. गोठ्यात ठेवावी तर गुरं तोंड घालतील. माजघरात ठेवावी तर गल्लीतली पोरं सगळ्या घरांतून मोकळी हिंडणारी, आणि पेटीला कडी घालायची सोय नाही. सगळ्यांत उंच फळी होती ती देवांच्या वर. नानांनी डबा तिथं ठेवला.

"देवाच्या डोक्यावर इख?" काकू म्हणाल्या.

"त्येवडी एकच जागा हाय जितं कुनाचा हात पोचत न्हाई. आन् वर लालभडक पट्टी लावलीय की." नानांच्या लेखी विषय तिथं संपला.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. जामखेडकडं तर विहिरींचे तळ उघडे पडले होते. म्हणून आषाढात नानांची थोरली बहीण, दगडाबाई आत्या, तिकडून गाठोडं घेऊन भावाकडे आली. विधवा बाई, भावासारखीच उंच आणि हाडापेरानं मोठी. नुसतं बसून खाणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून आल्या दिवसापासून तिनं चूल हातात घेतली. रंगांचा हिशोब तिला समजावून सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नानांना वाटलं, इतकं ठळक लिहिलंय. काकूंना वाटलं, भावानं बहिणीला सांगितलंच असेल.

जामखेडकडं, आणि माझ्या माहेरीसुद्धा, देवाचं पीठ वेगळं ठेवायची रीत आहे. सणावाराला लागेल तेवढं चांगलं दळण बाजूला काढायचं, डबा देवाच्या फळीवर ठेवायचा आणि त्यावर ओल्या कुंकवाचं बोट ओढायचं. तांबडी रेघ दिसली की घरातलं कुणी रोजच्या स्वयंपाकाला त्याला हात लावत नाही. त्याला हात लागतो तो फक्त देवाच्या कामाला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडं साळूबाई राहायची. तिचा एकुलता एक गोरक्ष पासष्टच्या लढाईत गेला. त्याला भरतीला नगरला नेलं होतं ते नानांनीच. पोरगं उंचीला जरासं कमी भरत होतं, तर नानांनी ओळखीच्या साहेबाकडे शब्द टाकला होता. हे साऱ्या गावाला माहीत. पेन्शनीत आल्यावर नाना घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडून आले, ते एक घर सोडून. शेताकडं जाताना ओढ्याची जवळची वाट टाकून ते लांबून वळसा घालायचे. साळूबाईनंही कधी कुणापाशी त्यांचं नाव काढलं नाही.

मग दिव्यांची अमावस्या आली. या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, बाजरीच्या नाहीतर गव्हाच्या पिठाचे गूळ घातलेले दिवे उकडायचे, तिन्हीसांजेला त्यात वाती लावून ओवाळायचं, आणि विझले की ते तुपाशी खायचे. शेजारीपाजारीही एकेक द्यायचा. पोरं या दिवसाची वाट बघत असतात.

नाना कडब्याच्या तजविजीला सोनईला गेले होते. गावातली विहीर आटली होती म्हणून काकू लांबच्या मळ्यातून पाणी आणायला गेल्या होत्या. आत्या एकटीच घरात. बाजरीचं पीठ जाडसर निघालं, गुळाच्या पाण्यात मळलं तरी दिव्याची वाटी धरेना, कडा फुटायला लागल्या. काहीतरी मऊ पीठ मिसळायला हवं म्हणून तिनं फळ्या धुंडाळल्या. हिरव्या डब्यांत डाळी, निळ्या डब्यांत कडधान्यं. देवांच्या वरच्या फळीवर तांबडी रेघ असलेला एक डबा, आत पांढरं मऊ पीठ. तांदळाचं असणार, भावानं शहरातून आणलेलं, देवासाठी जपून ठेवलेलं. आणि काम तर देवाचंच होतं. तिनं ओंजळभर घेतलं. नैवेद्याचं म्हणून चाखून बघायचा प्रश्नच नव्हता.

तिन्हीसांजेला काकू आल्या, पूजा झाली, आणि त्या ताटात दिवे घेऊन वाटायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हाच नानाही सोनईहून आले. मी आमच्या घरचे दिवे द्यायला तिथं गेले होते, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

नानांनी पाय धुतले, पंच्यानं तोंड पुसलं, आणि सवयीनं फळ्यांवरून नजर फिरवली. वर जाऊन ती थांबली. लाल पट्टीचा डबा भिंतीकडं तोंड करून होता, आणि त्याच्या झाकणावर पांढरी बोटं उठली होती.

"ह्यो डबा कुनी हलवला?"

"म्या," आत्या चुलीपुढून म्हणाली. "पीठ फुटाया लागलं, म्हून ओंजळभर देवाचं घातलं. लई झ्याक जमलं बग."

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "आक्का, ते पीठ न्हाई. ते इख हाय."

आत्याच्या हातातली पळी तशीच राहिली. नाना काकूंकडं वळले. काकूंच्या हातात रिकामं ताट होतं.

"कुनाकुनाला दिलं?"

काकूंना बोलायला सुधरेना. मग एकेक नाव बाहेर पडलं, आमचं, छगनचं, सहादेवचं, गल्लीतली आणखी दोन-तीन. नाना तोवर बाहेर पडलेही होते. मी त्यांच्या मागं पळाले, कारण पुरुषमाणूस कुणाच्या चुलीपर्यंत जाणार कसा? आणि दिवे सगळे चुलीपाशीच असणार होते.

आमच्याकडं आलेला दिवा सासूबाईंनी कोनाड्यात झाकून ठेवला होता. मी वाटून परत आले की सगळ्यांनी मिळून खायचे होते म्हणून वाचलो. सहादेवकडं मी धावत शिरले तेव्हा त्याची म्हातारी तूप वाढत होती. मी ताटलीच ओढून घेतली. तिनं मला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. एका घरी दोन पोरं एकाच दिव्यावरून भांडत होती, म्हणून तो अजून अख्खा होता. भांडणाचे उपकार मानायची वेळ माझ्यावर ती एकदाच आली.

छगनच्या घरी मात्र नाना उशिरा पोचले. त्याच्या मुलीनं अर्धा खाल्ला होता. नानांनी तिला उचलून उंबऱ्यावर बसवलं, मिठाचं पाणी मागितलं आणि तिच्या तोंडाला लावलं. ती रडत होती, मान फिरवत होती, आणि छगन नुसता बघत उभा होता, हा माणूस माझ्या पोरीला काय करतोय म्हणून. पोरगी भडभडून ओकली. मग नानांनी त्याला खरं ते सांगितलं. छगननं त्यांच्या अंगरख्याला हात घातला होता, पण पोरगी परत ओकायला लागली आणि तो हात सोडून बैलगाडी जुंपायला धावला. सोनईला दवाखाना होता, तिथवर जायचं होतं.

गोळा केलेले दिवे मी पदरात घेऊन नानांच्या घरी आले आणि जमिनीवर ओतले. नाना माझ्या मागोमाग आले. आत्या चुलीपुढंच बसली होती, होती तिथून हललीच नव्हती.

"सगळे आले का?" नानांनी विचारलं.

काकूंनी एकेका दिव्यावर बोट ठेवलं. "दिलेले सगळे आले. छगनचाबी धरून."

"एक कमी हाय," आत्या भिंतीकडं बघतच म्हणाली. "चाळनी भरून उकडले म्या, एकबी जागा मोकळी न्हवती. सूर्यभानाच्या वाट्याचा येगळा काढला हुता."

"माजा कुटं हाय?" नाना म्हणाले.

काकूंनी तोंडावर हात नेला. मला वाटलं यांनीच खाल्ला.

"तुमचा मी मोजलाच न्हाई," काकू म्हणाल्या. "त्यो दिलेल्यातला न्हवंच. त्यो गेला. साळूमावशीकडं."

"कुनाकडं?"

"तुमी पलटनीत हुता तवा सनासुदीला तुमच्या वाट्याचं ताट काढून ठेवायची मी. गोरक्ष गेल्यापासनं ते मावशीला नेऊन देते. तुमी घरी आला म्हून तिचं तोडायचं कसं? तुमाला माजा देनार हुते. आल्यापासनं सनाला तुमी खाल्लं ते माजंच हुतं."

हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि त्या घरात इतके महिने कुणी कुणाशी इतकं बोललं नव्हतं. पण ऐकत बसायला वेळ नव्हता. नाना पळत सुटले. त्यांच्या मागं मी कंदील घेऊन, आणि माझ्या मागं काकू. अंधार पडत आला होता. ओढा कोरडा ठाक होता, त्यातले गोटे पायाखाली सरकत होते. पुढं नाना एकदा पडले आणि उठले.

साळूबाईच्या घरात मिणमिणता उजेड होता. ती आमच्याकडं पाठ करून भिंतीपुढं बसली होती, आणि भिंतीवर वर्दीतल्या गोरक्षाचा फोटो होता. आणि नाना चौकटीत थांबले. त्यांच्या देहानं चौकट भरून गेली, मला पुढं सरायला जागा राहिली नाही. ते काही बोलेनात, आत पाऊल टाकीनात. नुसते उभे. तेव्हा मला त्यांचा जो संताप आला तसा आयुष्यात कुणाचा आला नसेल. आत एक बाई विष खात होती आणि या माणसाला तिच्यापुढं जायची लाज वाटत होती.

"नाना, आत व्हा," मी म्हणाले. सासऱ्याशी सुनेनं असं बोलायचं नसतं. मी बोलले, आणि वर त्यांना ढकललंही.

ते आत गेले. साळूबाईनं मान वळवली. तिच्या हातात मोडलेला दिवा होता आणि तोंड हलत होतं. नानांनी तिचं मनगट धरलं. ती घाबरली, मग कंदिलाच्या उजेडात तिनं चेहरा ओळखला आणि तिचं तोंड हलायचं थांबलं. तिनं मूठ उघडून त्यांच्यापुढं केली.

"घे बाबा," ती म्हणाली. घास तसाच गालात होता. "तुजाच वाटा हाय. रतनीला म्या म्हनले हुते, आता धनी आलाय, त्याचा त्याला घाल. ती ऐकंना. गोरक्षाम्होरं ठिवला, वात इझू दिली, आन् एक घास घेतला बग. त्येवडा माफ कर."

"गिळू नको," नाना म्हणाले. "मावशी, गिळू नको. इख हाय त्यात."

ते तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले आणि तिच्या तोंडात बोट घातलं. तिला दात नव्हते. लहान पोराच्या तोंडातून माती काढावी तसा तो घास त्यांनी गालातून, जिभेखालून काढून काढून आपल्या धोतरावर पुसला. काकूंनी रांजणातलं पाणी आणलं, त्यात मीठ कालवलं. ते पोटात जाताच म्हातारीनं नानांच्या अंगावरच उलटी केली. ते बाजूला झाले नाहीत. तिचं कपाळ धरून बसले.

ओकारी थांबल्यावर साळूबाई बराच वेळ धापा टाकत होती. मग म्हणाली, "तू माज्यासाठी पळत आलास?"

"व्हय."

"मग इतके दिस का न्हाई आलास?"

नानांनी खाली मान घातली. "भीत हुतो," ते म्हणाले.

साळूबाईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी कंदील घेऊन बाहेर आले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि मघाशी मीच त्यांना ढकललं होतं.

छगनच्या गाडीतून ती पोरगी आणि साळूबाई दोघींना सोनईला नेलं. नाना बरोबर गेले आणि दोघी बऱ्या होईतो तिथून हलले नाहीत. पोरीचे ओठ दोन दिवस बधिर होते एवढंच. साळूबाईला अशक्तपणा आला, पण तीही घरी आली. छगन मात्र पुढं कितीतरी दिवस नानांच्या घरावरून जाताना थुंकायचा. त्याला मी दोष देत नाही.

आत्या गाठोडं बांधून जामखेडला निघाली होती. जेवत नव्हती, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. नाना तिच्या गाठोड्यावर जाऊन बसले. "आक्का, तुजं काय चुकलं? देवाच्या फळीवर तांबडी रेघ वढली कुनी? म्या. गावात सगळ्यांना वाचाया येतं असं समजून चाललो हुतो." त्या पावडरीचा डबा त्यांनी पडक्या रानात खोल पुरला आणि वर धोंडे रचले. यंत्र टाकून दिलं नाही. पण नवी पट्टी लावायच्या आधी ते आता काकूंना विचारायला लागले की हा डबा कुठं हवा, आणि काकू सांगायला लागल्या. पहिल्या पहिल्यांदा त्या एवढ्या हळू सांगायच्या की त्यांना दोनदा विचारावं लागायचं.

थोड्याच दिवसांत नागपंचमी आली. पुरणाची दिंडं उकडायला मी काकूंच्या मदतीला गेले होते. त्यांनी नेहमीसारखं नानांच्या वाट्याचं ताट वाढून बाजूला ठेवलं, आणि ते आता काय करायचं हे त्यांना कळेना. माझ्याकडं बघितलं, मला तरी काय कळणार?

नाना आत आले. "ह्ये माजं का?"

"व्हय."

त्यांनी ताटावर फडकं टाकलं आणि ते स्वतः उचलून ओढ्याच्या वाटेनं निघाले, जवळच्या. ते परत येईतो काकू ताट वाढून बसून राहिल्या होत्या, घास घेतला नव्हता. ते आलेले बघून त्या उठल्या, आपलं ताट त्यांच्यापुढं ठेवायला.

"उठू नको," नाना म्हणाले. "हितंच बस."

ते जमिनीवर, काकूंच्या समोर मांडी घालून बसले आणि त्यांच्या ताटात हात घातला. आमच्यात बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते, उलटं कधी कुणी पाहिलेलं नाही. दगडाबाई आत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. काकूंनी एक दिंड मोडलं आणि मोठा तुकडा त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी तो परत काकूंकडं सरकवला. लग्नात एकमेकांना घास भरवले त्यानंतर आज पहिल्यांदा एका ताटात जेवलो, असं काकू मला भांडी घासताना म्हणाल्या.